आईची निळी वही

आई इंदूरला पार्षद झाली तेव्हा मी शाळेत होते. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि शिवणाचे क्लास घेणारी आई चक्क निवडून आली. सकाळी सातपासून ओट्यावर माणसं. कुणाचा नळ, कुणाची नाली, कुणाचं रेशनकार्ड.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. गल्लीतल्या एक मावशी विधवा पेन्शनसाठी फेऱ्या मारून थकल्या होत्या. आईनं सरळ कार्यालयात फोन लावला, "आमच्या घरच्याच समजा." चौथ्या दिवशी काम झालं. मावशींनी पेढे आणले, आम्ही खाल्ले.

पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या एक बाई आल्या. त्यांचा अर्ज मावशींच्या दोन महिने आधीचा. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दीदी, हमारे लिए फोन कौन लगाएगा?"

त्या रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी घरात निळी वही आली. कोण आलं, काय मागितलं, कुणाशी काय बोलले, सगळं तारीखवार. फोन बंद, पत्र सुरू. पत्रात "मंजूर करावे" नाही, "नियमानुसार निर्णय घेऊन अर्जदारास कळवावे." एकाचा अर्ज अडला असेल, तर तसेच अडलेले सगळे अर्ज त्याच पत्रात. पेढे परत. ती म्हणायची, "पत्र असं लिहावं, की उद्या चौकात चिकटवलं तरी मान खाली जाऊ नये."

पुढे वकिली शिकताना कळलं, की आईची वही कायद्याच्या फार जवळ होती. मध्य प्रदेशच्या 1956 च्या महापालिका कायद्यानुसार पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला माणूस पार्षदपदाला अपात्र ठरतो. पालिकेचा निवडून आलेला सदस्यही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कामाच्या बदल्यात काही घेतलं, तर "मी काय सरकारी नोकर आहे?" ही पळवाट नाही. पण पैसे न घेता, नुसत्या ओळखीनं रांग मोडली तर? ते पकडायला कायद्याचे हात तोकडे पडतात. तिथे वहीच लागते.

वहीची किंमतही मोजावी लागली. मामाला घरावर तिसरा मजला चढवायचा होता, नकाशा नियमात बसत नव्हता. "ताई, एक शब्द टाक." आई म्हणाली, "तुझा अर्ज कुठे अडलाय ते विचारून देते. निर्णय बदला असं नाही सांगणार. आणि तू माझा भाऊ आहेस, हे आधी सांगूनच विचारीन." मामा चहा न घेता उठला. दोन वर्षं राखीला आला नाही. आई दर राखीला ताट तयार ठेवायची.

आज परिस्थिती बदलली आहे. 2010 पासून मध्य प्रदेशात लोकसेवा हमी कायदा आहे, अनेक सेवांना मुदत ठरलेली आहे, उशीर झाला तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. माहितीचा अधिकार आहे. तरी आपण पहिला प्रश्न तोच विचारतो, "तिथे कुणी ओळखीचं आहे का?" मीही विचारते. गेल्या महिन्यात मुलाच्या जन्मदाखल्यातली चूक दुरुस्त करायची होती, तेव्हा हात फोनकडे गेलाच होता.

मग वही आठवली. रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे अकरा जण होते.