काठीचा पहिला धडा

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले ते पुण्यात, लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे. वस्ताद मांग, शिष्य माळी. शस्त्रविद्या ही कोणा एका जातीची मिरास नव्हे, हे सांगावयास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. तरीही 1892 साली इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण युद्धानंतर मोडण्यात आली. अखेर 1941 साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

याच रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार आम्हांस लाठी शिकवीत. तेव्हा आम्ही येथील वसतिगृहात सहावीत होतो. सारे त्यांना वस्ताद म्हणत. पहाटेची बुद्धवंदना आटोपली की मैदानावर रांग लागे. पहिला महिनाभर त्यांनी काठीला हात लावू दिला नाही. केवळ पवित्रा! पावले अंतरावर रोवलेली, गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ, नजर समोर. "नजर खाली गेली की काठी गेलीच समजा," असे ते म्हणत. गावात नजर खाली ठेवूनच वागण्याची सवय लागलेल्या आम्हां मुलांना हाच धडा सर्वांत अवघड गेला.

मग बांबूची काठी हाती आली. आधी मनगटाची फिरकी, मग डोक्यावरून फेर, मग चारी दिशांना पाऊल टाकीत वार अडविणे. तळहातांना फोड येत. मैदानाबाहेर काठी उगारणाऱ्याची काठी आठवडाभर बंद होई. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घेणाऱ्या मुलांनी लाठी का शिकावी, याचे उत्तर आम्हांस त्या शिस्तीत सापडले. ज्याला भय नाही, त्याला प्रथम हात उगारण्याची गरज उरत नाही.

एका रविवारी आमचे आजोबा भेटीस आले. ते गावचे वेसकर होते. घुंगरांची काठी घेऊन त्यांनी उमेदीची वर्षे पाटलाच्या दाराबाहेर उभे राहून काढली होती; 1958 च्या कायद्याने वतन गेले, तेव्हा ती काठी सुटली. आमची लाठी त्यांनी हातात घेतली, न्याहाळली आणि विचारले, "बाळा, ही कुणाच्या दाराशी घेऊन उभं राहायचं नाही ना?" आम्ही म्हणालो, "नाही, आबा." त्यांनी लाठी आमच्या हाती परत दिली आणि बराच वेळ ते मैदानाकडे पाहत बसले.

आज त्याच मैदानावर मुलीही पवित्रा घेतात. पालकांना आमची एवढीच विनंती आहे : सुट्टीत लेकरू घरी आले की त्याची लाठी पाहाच, पण ते बोलताना नजर कुठे ठेवते, तेही पाहा. आमच्या वस्तादांचा पहिला धडा तोच होता.

जय भीम!