एक भिंत, ऐंशी मालक

परदेशी शिकावयास गेलेल्या माणसाने सुटीच्या दिवशी मद्याची तळघरे पाहत हिंडावे, ही वार्ता घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगताना थोडा धीर गोळा करावाच लागतो. परंतु फ्रान्समधील दिजों शहरी राहून बर्गंडीचे द्राक्षमळे पाहावयाचे नाहीत, म्हणजे देवगडास राहून आंब्याची बाग पाहावयाची नाही, असेच झाले. म्हणून २०१८ सालच्या ऑक्टोबरात एका शनिवारी आम्ही तिघा सहाध्यायांसह सकाळच्या बसने निघालो. त्याच आठवड्यात घरून काकांनी कोकणातल्या सामायिक आगराच्या वाटणीचा मसुदा पाठविला होता आणि त्यावर आमची संमती हवी होती. त्याचा विचार डोक्यात ठेवूनच आम्ही बसमध्ये बसलो, हे आधीच सांगून टाकतो.

दिजोंच्या दक्षिणेस पूर्वाभिमुख अशी एक लांबच लांब बुटकी टेकडी पसरली आहे. तिच्या चुनखडीच्या उतारावर जगातील अत्यंत मोलाचे द्राक्षमळे आहेत. तांबड्या मद्यासाठी पिनो न्वार व पांढऱ्यासाठी शार्दोने, ही येथील मुख्य वाणे. चार पावलांवर माती बदलते, आणि माती बदलली की शेताचे नाव व मद्याची किंमतही बदलते. अशा स्वतंत्र नावाच्या तुकड्यास तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. या क्लिमांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आम्ही गेलो तेव्हा द्राक्षांची तोडणी आटोपली होती आणि वेलींची पाने हळदीसारखी पिवळी झाली होती.

पहिला मुक्काम क्लो द वूजो येथे झाला. १०९८ साली स्थापन झालेल्या सितोच्या मठातील साधूंनी हा मळा मध्ययुगात तुकड्यातुकड्यांनी जोडला व त्याभोवती दगडी भिंत घातली. आतील क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाशे एकरांच्या आसपास. राज्यक्रांतीत मठाची जमीन सरकारजमा होऊन विकली गेली. तरीही पुढे १८८९ पर्यंत मळा फुटला नव्हता. त्या वर्षी तो प्रथम अनेक खरेदीदारांत विभागला गेला. पुढे विक्री व वारसा या दोन सुऱ्यांनी त्याचे आणखी तुकडे होत गेले. आज त्याच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. कोणाच्या वाट्यास थोडी शेते, तर कोणाच्या वाट्यास वेलींच्या अवघ्या काही ओळी! भिंत एक, नाव एक, आणि चुली मात्र ऐंशी. वरच्या अंगाची जमीन निचऱ्याची, तर खाली रस्त्याकडची भारी व ओलसर. त्यामुळे बाटलीवर नाव तेच असले, तरी चव ज्याच्या त्याच्या हाताची व ज्याच्या त्याच्या मातीची.

वारसाहक्काची सुरी फिरविली ती १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने. मुलगा-मुलगी, थोरला-धाकटा असा भेद न करता सर्व अपत्यांस समान वाटा, हा तिचा दंडक. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध समान हक्क १९९४ च्या कायद्याने मिळाला व देशभर तो २००५ साली आला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या संहितेच्या न्यायबुद्धीचे कौतुक वाटते. परंतु न्यायाने माणसे समान झाली, तरी जमीन काही वाढत नाही!

दुपारी शेजारच्या गावातील एका घरंदाज मळेवाल्या बाईंच्या तळघरात गेलो. अंधार, गारवा आणि ओकच्या लाकडी पिंपांची रांग; एकेका पिंपात २२८ लिटर. आम्ही मद्य घेत नाही असे सांगताच बाई मुळीच रुष्ट झाल्या नाहीत. त्यांनी पेला पुढे करून नुसता वास घ्यावयास सांगितले आणि कोपऱ्यातील एका भांड्याकडे बोट दाखविले. चव पाहणारे जाणकार घोट तोंडात घोळवून त्या भांड्यात थुंकून टाकतात म्हणे. वासाने अर्धे भोजन होते असे आपल्याकडे मानतात. तेव्हा आमचे अर्धे मद्यपान झाले की काय, याचा निर्णय शास्त्रीबुवांवर सोपवितो.

मग आम्ही मनातला प्रश्न विचारला. चार भावंडांत मळा वाटला कसा? बाई हसून म्हणाल्या, “मळा वाटलाच नाही. भाग वाटले.” १९७० च्या एका कायद्यान्वये तेथील कुटुंबे जमीन एका मंडळीच्या नावे करतात. वारसांना मिळतात ते त्या मंडळीचे हिस्से. कसणारा एकच, तो दीर्घ मुदतीच्या कराराने जमीन घेतो व इतरांस खंड देतो. “आणि कोणास बाहेर पडावयाचे असेल तर?” बाई क्षणभर थांबल्या. “मग उरलेल्यांनी त्याचे पैसे द्यावयाचे. माझ्या भावाचे देता देता आम्हास बारा वर्षे लागली.”

संध्याकाळी बोन येथील जुने रुग्णालय पाहिले. निकोला रोलँ व त्यांच्या पत्नी गिगोन यांनी ते १४४३ साली गोरगरिबांसाठी स्थापिले. रंगीत कौलांच्या छपराखाली १९७१ पर्यंत रुग्णांची शुश्रूषा होत होती. शतकानुशतके लोकांनी त्यास द्राक्षमळे दान दिले. त्यांतील मद्याचा १८५९ पासून लिलाव होतो व पैसा रुग्णसेवेस जातो. आपल्याकडील देवस्थान इनामांची आम्हास आठवण झाली.

त्या रात्री मसुदा पुन्हा वाचला. सातबारावर सतरा नावे, माडपोफळींच्या ओळी मोजून पाडलेले सतरा पोटहिस्से. परंतु विहीर एकच आणि पाटही एकच! पाणी कोणत्या ओळीपासून कोणाचे होणार, याविषयी कागद मुका होता. आम्ही संमती कळविली नाही; आगर अखंड ठेवून उत्पन्नाचे हिस्से करावेत, त्यात दोन्ही आत्यांची नावे असावीत आणि शिंपणे करणाऱ्यास त्याच्या श्रमांचे आधी द्यावे, असे काकांस सविस्तर लिहिले.

काकांचे उत्तर तीन ओळींचे होते. “सूचना बरी आहे. पण तुझ्या धाकट्या काकांस मुलीच्या शिक्षणासाठी रोकड हवी आहे. ती कोण देणार, तेही कळव.” प्रश्न रास्त होता. ती रक्कम आम्ही सारे मिळून अजून फेडीत आहोत. पाटाचे पाणी मात्र आजही आगराच्या शेवटच्या पोफळीपर्यंत जाते.