समोरच्याचं एक प्यादं

देशी बुद्धिबळात एक नियम होता, आमच्या घरी तो अजून चालतो. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, तर तुम्ही जिंकत नाही. डाव बुर्जी होतो. बुर्जी म्हणजे बरोबरी. जिंकायचं असेल तर समोरच्याकडे निदान एखादं प्यादं शिल्लक असताना त्याच्या राजावर मात करावी लागते. म्हणजे शत्रूला जेरीस आणायचं, पण निःशेष करायचं नाही, आणि त्याचं शेवटचं प्यादं मारलं जाऊ नये ही काळजीही जिंकणाऱ्यानंच वाहायची.

हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी श्रावणात झड लागली की दिवसचे दिवस वावरात पाय घालता यायचा नाही. काळ्या मातीत बैल रुततात, निंदण थांबतं. मग आजोबांच्या ओसरीवर पट उलगडायचा. पट कापडाचा होता. त्यावर काळी-पांढरी घरं नव्हती, नुसत्या दोऱ्यानं टाचलेल्या चौकटी होत्या. मोहरी सागाची, गावच्या सुतारानं कातलेली, एक बाजू लाल आणि दुसरी हिरवी. हत्तीला सोंड नव्हती, घोड्याला तोंड नव्हतं. हत्ती बसका आणि रुंद, उंट निमुळता, घोड्याच्या माथ्यावर एक तिरपी खाच. ती खाच अंगठ्यानं चाचपून आजोबा पटाकडे न बघता घोडा उचलत. लाल बाजूचं एक प्यादं कधीतरी हरवलं होतं, त्याच्या जागी सुपारी असायची. त्या सुपारीनं वजीर मारलेला मी पाहिला आहे.

खेळ सावकाश चालायचा, कारण नियमच तसे होते. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट नाही, राजाला मात्र, शह बसायच्या आधी, एकदाच घोड्यासारखी उडी मारता येणार. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर ज्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होणार, तेही ते मोहरं आधी मेलेलं असेल तर. उठसूट दुसरा वजीर करायची सोय नव्हती. फौजा एकमेकींना भिडेपर्यंत चहा व्हायचा, पान व्हायचं. सगळ्यात मानाची मात प्याद्याची. राजाला हत्तीनं कोंडलं तर कुणी विशेष बोलायचं नाही, पण प्याद्यानं मात झाली की बघायला बसलेले लोक ती खेळी मागे घेऊन पुन्हा लावून बघायचे. मला पहिल्यांदा आजोबांच्या जागी बसवलं तेव्हा मी भराभर मारत सुटलो होतो. मागून आवाज आला, ‘त्याचं एखांदं प्यादं राहू दे लेका, नाही तं बुर्जी होते.’

हा खेळ म्हणजे मुळात छोटी केलेली फौज. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीच चतुरंग सेना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचं वर्णन आहे. म्हणजे देवगिरीचे यादव स्वतंत्र व्हायच्याही आधी दख्खनमध्ये हा खेळ दरबारी करमणूक म्हणून लिहिला गेला होता. इथून इराणात आणि पुढे अरबांकडे गेलेल्या शतरंजात राजा एकटा पडला की तो हरला, बहुतेक ठिकाणी हिशेब संपला. आपल्याकडच्या ओसऱ्यांवर मात्र त्याच प्रसंगाला बुर्जी म्हणून विजय नाकारला गेला. मला हे वळण फार मोठं वाटतं.

आता मी यवतमाळला राहतो आणि स्पर्धांना जातो. स्पर्धेचा हॉल बहुधा एखाद्या मंगल कार्यालयाचा असतो. लग्नातलीच लांब टेबलं, त्यांवर गुंडाळी होणारे पट, प्लॅस्टिकची मोहरी, प्रत्येक पटाशेजारी डिजिटल घड्याळ. पेअरिंगची यादी भिंतीवर चिकटली की वणी, पुसद, उमरखेड, घाटंजीची पोरं तिच्यावर तुटून पडतात. आई-वडील बाहेर पायऱ्यांवर डबे घेऊन बसलेले. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयातूनच ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून या पायऱ्यांवर मुलींचे बाप मला जास्त दिसतात, आणि ते बघून मला मनापासून आनंद होतो. स्पर्धा स्विस पद्धतीची असते. सारखे गुण असलेले दोघं समोरासमोर येतात. वय, गाव, शिक्षण काही बघितलं जात नाही. पांढऱ्या केसांचा माणूस आणि सहावीतला मुलगा हात मिळवून बसतात आणि पंच घड्याळं सुरू करायला सांगतात.

असाच एक मुलगा समोर आला होता. वणीकडचा, वडील कोळसा खाणीत. खेळात तयार होता. मोहरं नीट सरकवायचं असेल तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचा आणि मगच बोट लावायचा. मधल्या डावात त्याच्या घोड्याला उंटाचा जोर होता तोवर तो निर्धास्त होता. मी तो उंट हटवला, घोडा बिनजोरी झाला आणि तिथून त्याचा डाव कोसळत गेला. शेवटी माझ्याकडे राजा, हत्ती आणि घोडा. त्याच्याकडे राजा आणि कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. ते प्यादं माझ्या हत्तीच्या तोंडाशीच होतं. त्यानं मूठ हनुवटीखाली घेतली होती आणि नजर त्या प्याद्यावर खिळली होती. ते पडलं की हात पुढे करायचा, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी ते मारलं नाही. मोजलं. प्याद्याला टोकाला जायला किती खेळ्या, मला त्याच्या राजाला कोपऱ्यात न्यायला किती. हत्तीनं एक आडवी ओळ बंद केली, राजा जवळ आणला. मुलगा आधी बुचकळ्यात पडला, मग ताठ बसला. त्यानं प्यादं ढकललं. त्याच्या अंगात पुन्हा खेळ आला होता. तो प्यादं पळवत राहिला, मी घरं बंद करत राहिलो, आणि ते शेवटच्या घरापासून एक पाऊल लांब असताना मात झाली. त्यानं हात मिळवला तेव्हा त्याच्या हाताला घाम होता.

बाहेर त्याचे प्रशिक्षक मला म्हणाले, ‘काका, ते प्यादं आधीच खायला पाहिजे होतं. रिस्क कशाला?’ स्पर्धेच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच होतं. मुलानं वेगळं विचारलं, ‘तुम्ही मुद्दाम सोडलं का ते?’ त्याच्या आवाजात राग होता. आपल्याला लहान समजून दया दाखवली असं त्याला वाटत होतं. मी त्याला तिथंच पायरीवर बसवून बुर्जी सांगितली. दया म्हणजे, मारता येत असून मी तुला जगू दिलं आणि त्यात माझं काही गेलं नाही. बुर्जीच्या नियमात जिंकणाऱ्याचं जातं. समोरचं प्यादं जिवंत आहे, चालतं आहे, टोकाला पोचलं तर हत्ती होऊन परत येणार आहे. ते चालत असताना तुम्हाला मात करून दाखवायची आहे. ज्याच्याकडे उलटून मारायला काहीच उरलेलं नाही त्याला हरवणं या खेळानं विजय म्हणून मोजलंच नाही. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं विचारलं, ‘आणि प्यादं पोचलं असतं तर?’ ‘तर मी मोजण्यात कमी पडलो असतो,’ म्हटलं. ते त्याला पटलं.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हा विचार पूर्ण पुसलेला नाही. एकट्या राजासमोर खेळणाऱ्याचा वेळ संपला तर डाव बरोबरीत जातो. एकटा राजा जिंकू शकत नाही, पण घड्याळाच्या आधारानं अर्धा गुण नेऊ शकतो. आणि डावाच्या अखेरीचा एक प्रकार तर आजोबांना दाखवायला हवा होता. राजा आणि दोन घोडे विरुद्ध एकटा राजा, यात मात जबरदस्तीनं करता येत नाही. शेवटच्या क्षणी समोरच्याला हलायला घर राहत नाही आणि डाव अडतो. पण त्याच्याकडे एक प्यादं असेल आणि ते योग्य जागी रोखलेलं असेल, तर मात होते, कारण त्याला चालायला काहीतरी असतं. अलेक्सेई त्रोइत्स्की या रशियन अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचा बारकाईनं अभ्यास केला. समोरच्याचं प्यादं नसेल तर विजयच नाही, ही ओसरीवरची गोष्ट तिथं निव्वळ गणित म्हणून उभी आहे.

युरोपात या खेळाचं पुढे वेगळंच झाड झालं. ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकानं १७८०मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, पाणी, दलदल रंगांनी दाखवली. १८२४मध्ये प्रशियात राइसविट्झचा युद्धखेळ छापला गेला, त्यात नकाशे, फासे आणि पंच आले. एच. जी. वेल्सनं १९१३मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपानं दिले. आज तिकडे बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या धातूच्या शिपायांनी मध्ययुगीन लढाया मांडतात आणि त्यांच्या स्पर्धा भरतात. हत्तींसकट भारतीय फौजाही त्यांत असतात. फिल बार्कर यांची १९९०मध्ये आलेली यातली एक नियमावली लोकप्रिय आहे. प्रत्येकाकडे १२ तुकड्या. त्यांतल्या चार गेल्या आणि समोरच्यापेक्षा जास्त गेल्या, की फौज मोडली, खेळ संपला. आठ तुकड्या पटावर उभ्या असताना हार. मध्ययुगीन लढाईचं हे खरं चित्र आहे. फौजा शेवटच्या माणसापर्यंत लढत नसत, मोडत असत. पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, अंबारी रिकामी दिसली आणि पुढचं सगळं त्या एका दृश्यातून घडलं.

आमच्या बाजूचेही दोन प्रसंग सांगतो. आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा पैनगंगा. तिच्या पलीकडे माहूर. त्या माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन १६६१च्या फेब्रुवारीत कारतलबखानाबरोबर उंबरखिंडीत होती. कोकणात उतरणारी ती मोगली फौज शिवाजी महाराजांनी दाट रानात, अरुंद वाटेवर दोन्हीकडून कोंडली. पाणी नाही, वारा नाही, मागे फिरायला वाट नाही. रायबागननं खानाला शरण जायचा सल्ला दिला. खानानं निरोप पाठवला, खंडणी आणि सामान दिलं, आणि महाराजांनी त्यांना जाऊ दिलं. त्या खिंडीत सगळ्यांना कापून काढणं अवघड नव्हतं. पण विजय सिद्ध झाला होता, आणि हरलेली फौज जिवंत परत जाऊन तो विजय सांगणार होती. माझ्या लेखी ही पुरी मात आहे, पटावर समोरच्याची मोहरी उभी असताना केलेली.

दुसरा प्रसंग आमच्याच जिल्ह्यातला. १८१८च्या एप्रिलमध्ये पांढरकवडा-शिवणीच्या टापूत इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनं दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याची दाणादाण उडवली. उरलेसुरले लोक पांगले. जूनमध्ये बाजीराव कंपनीचा अधिकारी मालकम याच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन ब्रह्मावर्ताला गेला आणि १८५१पर्यंत तिथं जगला. इंग्रजांच्या इतिहासात हा विजय आहे आणि तो खराच आहे; एक राज्य गेलं. पण आजोबांच्या पटावर हा डाव मला नेहमी बुर्जीसारखा दिसतो. एकेक मोहरं गळून गेलं, एकटा राजा उरला, आणि त्याच्यावर मात करायची गरजच कुणाला वाटली नाही. त्यात आमच्या वावरांतून गेलेल्या घोड्यांचा, दाणागोट्याचा हिशेब कुणाच्याच पटावर नाही. चतुरंगात रयतेचं मोहरं कधीच नव्हतं. ही उणीव मला खेळताना टोचते, आणि ती टोचावी असंही वाटतं.

म्हणून माझं एक म्हणणं आहे. जिल्ह्यात वर्षभर नव्या नियमांच्या स्पर्धा होतात, त्या व्हाव्यात. पोरांना मानांकन तिथूनच मिळणार आहे. पण पोळ्याच्या आसपास एक दिवस देशी नियमांचा ठेवावा. घड्याळ असू दे, पण लांब वेळेचं. बुर्जीला दोघांना अर्धा गुण. प्याद्यानं मात केली तर वेगळं बक्षीस. वणीचा तो मुलगा यायला तयार आहे. त्यानं घरी वडिलांबरोबर या नियमांनी खेळून पाहिलं आणि बुर्जी टाळताना डोकं जास्त चालवावं लागतं असं त्याचं मत झालं. त्याचे प्रशिक्षकही पंच म्हणून बसतो म्हणाले, फक्त नियम लिहून द्या.

ते लिहायला बसलो आणि अडलो, कारण गावोगाव खेळ थोडा थोडा वेगळा आहे. आमच्याकडे राजाला एकदा शह बसला की घोड्याची उडी गेली ती गेलीच. पुसदकडचे एक जुने खेळाडू म्हणतात, मध्ये दुसरं मोहरं घालून शह काढला असेल तर उडी शिल्लक राहते, राजा स्वतः हलला तरच जाते. काही ठिकाणी राजाच्या आणि वजिराच्या प्याद्याला दोन घरं देतात. दिग्रसला एक गृहस्थ आहेत, त्यांच्या घरी सुरुवातीच्या काही खेळ्या दोघंही एकदम लावून घेतात आणि मगच खेळ सुरू होतो. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं आहे. बुर्जीबद्दल मात्र आतापर्यंत भेटलेल्या कुणाचंही दुमत नाही.