पहिली पंगत

पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि पुढे बरीच वर्षे ते भलत्याच माणसांना ऐकवत राहिलो.

आमच्या मंडळीच्या कमिटीवर होतो. कुणी गाऱ्हाणे घेऊन आले की त्या पत्राचा पहिला अध्याय काढायचा, ही माझी रीत. करिंथ म्हणजे दोन बंदरांवर पोसलेले व्यापारी शहर. तिथल्या मंडळीत तट पडले होते. कुणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कुणी अपुल्लोचा, कुणी केफाचा. इसवी सन 54 च्या सुमारास पौलाने इफिसहून त्यांना खडसावले, की ख्रिस्ताचे असे तुकडे होतात का?

नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला हा अध्याय जवळचा वाटावा यात नवल नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा सहा परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. त्याच्या वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या. माझे वडील त्या उपासनेला हजर होते आणि त्याबद्दल ते आयुष्यभर अभिमानाने बोलले. त्यांच्याकडून मी ऐक्याचे प्रेम घेतले. पण जो आवाज चढवतो तो ऐक्य मोडतो, ही समजूत माझी स्वतःची. ती मला सोयीची होती.

दुसरी समजूत याहून वाईट. जात ही बाहेरची गोष्ट, बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर ती गेली, असे मी ठामपणे सांगत असे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरत नाहीत, म्हणून मी मोर्चालाही गेलो आहे. सरकारपुढे जात आहे म्हणायचे आणि मंडळीत नाही म्हणायचे, हे दोन्ही मी एकाच तोंडाने करत होतो.

नाताळानंतरच्या प्रीतिभोजनात आमच्याकडे पहिल्या पंगतीला कमिटीची माणसे, पाहुणे, जुनी घराणी बसत. कडेच्या वस्तीतली कुटुंबे शेवटी. तोवर मटणाच्या पातेल्यात रस्सा उरलेला असे. एका वर्षी वस्तीतल्या एक बाई, दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेल्या, कमिटीच्या बैठकीत उभ्या राहिल्या. ‘‘दादा, आमच्या पोट्ट्यांच्या ताटात दरसाल नुसता रस्साच काहून येते जी?’’ एवढेच त्यांनी विचारले.

मी बाराव्या अध्यायाने उत्तर दिले. शरीर एक, अवयव पुष्कळ. पाय म्हणू शकत नाही की मी हात नाही म्हणून शरीराचा नाही. प्रत्येकाची जागा देवाने नेमली आहे. बाई खाली बसल्या. इतिवृत्तात नोंद झाली, की सदर सभासदाने मंडळीत दुही माजेल असे वक्तव्य केले. ती नोंद मीच सांगून लिहवून घेतली.

पुढे लेंटच्या दिवसांत अभ्यासवर्ग घ्यायची पाळी माझ्यावर आली. विषय मी निवडला, कारण हे पत्र आपल्याला पाठ आहे अशी माझी खात्री होती. तयारीसाठी म्हणून ते प्रथमच सलग वाचायला बसलो आणि अकराव्या अध्यायात अडकलो. प्रभुभोजनाच्या विधीत त्या अध्यायातल्या तेविसाव्या वचनापासून वाचतात, ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले तिथपासून. ती वचने मी शेकडो वेळा ऐकली असतील. त्यांच्या वरची पाच-सहा वचने मात्र माझ्या कानांवरून नुसती गेली होती. पौल तिथे सांगतो, की तुम्ही एकत्र जमता त्याने भले होत नाही, नुकसान होते. कारण काहीजण आपले जेवण आधीच उरकतात. मग एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाज आणता. आणि म्हणून तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजनच नव्हे.

मी पुस्तक मिटले नाही, पण पुढे वाचवेना. रोमन घराच्या जेवणाच्या दालनात तीन बैठकांवर नऊ माणसे, असा तेव्हाचा प्रघात. बाकीची माणसे अंगणात. जेरोम मर्फी-ओ’कॉनर या अभ्यासकाने करिंथचे भांडण याच घररचनेतून उलगडले आहे. आत यजमानाच्या बरोबरीचे, बाहेर उशिरा सुटणारे कामकरी आणि गुलाम. मला ते दालन कल्पावे लागले नाही. मी त्याच्या आत बसलो होतो. फूट पडलीच होती, ती आम्ही वाढून घेतलेल्या ताटांतून. बाईंनी ती फक्त दाखवली.

मग मी उलटे वाचत मागे गेलो. करिंथमधली भांडणे पौलाला कळली कुणाकडून? ख्लोवेच्या माणसांकडून. ती तिची नोकर किंवा गुलाम असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. पौल त्यांचा उल्लेख उघड करतो. घरचे बाहेर का सांगितले, असा शब्दही त्यांना बोलत नाही.

बाराव्या अध्यायाने तर माझी उरलीसुरली लाज काढली. शरीराचा दाखला पौलाच्या फार आधीचा. रोममध्ये सामान्य लोक रुसून शहराबाहेर गेले तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदाराने त्यांना पोटाची आणि अवयवांची गोष्ट सांगून परत आणले, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. मोठ्यांना पोसा, त्यातच तुमचे हित आहे, हा त्या गोष्टीचा रोख. पौलाने तो फिरवला. जे अवयव कमी प्रतीचे वाटतात त्यांना देवाने अधिक मान दिला, असे तो लिहितो, आणि तेही फूट पडू नये म्हणून. पौलाचे नाव घेऊन मी अग्रिप्पाचे प्रवचन करत आलो होतो. तेही एका उपाशी मुलांच्या आजीपुढे.

या पत्रातले सगळेच मला आज पटते असे नाही. चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे आहे. अकराव्यात त्या प्रार्थना करताना आणि संदेश सांगताना दिसतात. हे दोन्ही कसे जुळवावे यावर विद्वान भांडतात. मी मात्र चौदावा अध्याय जवळ ठेवून होतो, गरज पडली तर असावा म्हणून. हे लिहायला सर्वांत जड गेले.

बाईंच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, ‘‘माफीचं राहू द्या दादा. ते रजिस्टरात लिहिलं ना, ते खोडा.’’

पंगतीचा क्रम बदलणे सोपे गेले. यंदा वस्तीतली मुले आधी जेवली. ती नोंद रद्द करण्याचा ठराव मात्र कमिटीत दोनदा पुढे ढकलला गेला, आणि ढकलणाऱ्यांनी पत्राचा पहिला अध्यायच वाचला. वार्षिक सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे. आमच्या मंडळीतले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी त्या दिवशी यावे आणि हात वर करावा.