टपालाने चाललेला डाव

खेळ या संकल्पनेचा गंभीरपणे विचार करणाऱ्यांमध्ये योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराचे नाव आपण अग्रक्रमाने घेतो. 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात त्याने खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांपैकी एक असे की, खेळ हा नित्याच्या जगण्यापासून स्थळाने आणि काळाने वेगळा काढलेला असतो. मैदानाला रेघ असते, पटाला चौकट असते, डावाला आरंभ आणि शेवट असतो. रेघेच्या आत वेगळे नियम, बाहेर वेगळे. कलाकृतीच्या स्वायत्ततेविषयी वर्गात बोलताना हा दाखला आम्हांला नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. परंतु खेळांचा एक प्रकार असा आहे, की त्याच्यापाशी ही रेघ नेमकी कोठे ओढावी हे कळत नाही. तो प्रकार म्हणजे टपालाने खेळले जाणारे खेळ.

येथे 'आम्ही' हे केवळ लेखकीय बहुवचन नाही. आम्ही मराठीचे दोन अध्यापक आहोत. एकत्र एम. ए. केले आणि २००१ नंतर एक रायगड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी व दुसरा यवतमाळ जिल्ह्यात, असे पांगलो. त्यानंतर चार वर्षे आम्ही पोस्टकार्डावर बुद्धिबळाचा एकच डाव खेळत होतो. त्या डावाविषयी पुढे सांगावयाचे आहेच. पण आधी या खेळाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण आमच्या बाबतीत जे घडले त्याचे कारण त्या खेळाच्या घडणीतच आहे.

टपाली बुद्धिबळातील सर्वांत प्रसिद्ध जुना सामना एडिंबरो आणि लंडन येथील बुद्धिबळ मंडळांमध्ये १८२४ ते १८२८ या काळात झाला. चाल लिहिलेले पत्र घोड्यांच्या टपालगाडीतून जाई. पाच डाव झाले. त्यांपैकी दोन एडिंबरोने जिंकले, एक लंडनने, आणि दोन बरोबरीत सुटले. या सामन्यात खेळली गेलेली एक सुरुवात आजही 'स्कॉच' याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडील वाचकांना अधिक कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, त्याच सुमारास, १८२८–२९ मध्ये, मद्रास आणि हैदराबाद यांच्यातही असाच सामना झाला होता. मद्रासच्या बाजूने खेळणाऱ्यांत गुलाम कासिम हा नामांकित खेळाडू होता. त्याने जेम्स कॉक्रेन यांच्यासह एका सुरुवातीचे केलेले विश्लेषण १८२९ साली मद्रासेत ग्रंथरूपाने छापले गेले. रेल्वे नव्हती, तारायंत्र नव्हते. ज्या डाकेतून कंपनी सरकारचे हुकूम जात, त्याच डाकेतून उंटाची किंवा घोड्याची एखादी चालही जात होती.

हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो मात्र टपाल स्वस्त झाल्यावर. ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनीचे सरसकट टपाल सुरू झाले. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अंतर न पाहता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत पोस्टकार्ड निघाले आणि १८७९ च्या जुलैत ते पाव आण्याला आपल्याकडे आले. उघडे, लहान आणि स्वस्त अशा या कार्डावर मजकुराला जागा थोडी. पण चालीला ती भरपूर होती. पुढे १९२८ मध्ये पत्रद्वारा बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्या ऑलिम्पियाडमध्ये (१९३५–३९) फ्रान्सच्या संघातून चित्रकार मार्सेल द्युशाँ खेळला होता. १९५१ मध्ये आजची आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळ महासंघ ही संस्था उभी राहिली, आणि ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी या प्रकाराचे पहिले जगज्जेते ठरले.

या खेळाची रीत समजावून घेण्याजोगी आहे. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन खेळाडूंना खेळता यावे म्हणून चाली केवळ आकड्यांत लिहिण्याची पद्धत रूढ झाली. पटावरील प्रत्येक घराला दोन आकडे, एक उभ्या रांगेचा आणि एक आडव्या रांगेचा. मोहरा कोणत्या घरातून निघाला आणि कोणत्या घरात गेला, एवढे चार आकड्यांत सांगता येते. राजापुढचे पांढरे प्यादे दोन घरे पुढे सरकले, की कार्डावर लिहावयाचे '५२५४'. त्याखाली दोन तारखा: तुमचे पत्र मिळाले ती आणि उत्तर टाकले ती. आंतरराष्ट्रीय सामन्यांत दहा चालींसाठी तीस दिवसांचा विचारकाल मिळे; पत्र वाटेत असेल तो काळ त्यात धरला जात नसे. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर तीच चाल पुन्हा लिहून स्मरणपत्र धाडावयाचे. ग्रंथ पाहण्यास आडकाठी नव्हती. मोहरे हलवून विचार करण्यासही नव्हती. मात्र पत्र कोणत्या दिवशी हाती पडले हे खेळाडू स्वतःच लिहीत असे, आणि त्याच्या खोलीत डोकावण्यास तेथे पंच नव्हता. हा सारा डोलारा परस्परांच्या शब्दावर उभा होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी टपाल तपासनिसांनी परदेशी जाणाऱ्या अशा पत्रांवर बंदी घातली होती. या आकड्यांतून सांकेतिक निरोप जाण्याची त्यांना भीती वाटे. त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. निरोप त्या आकड्यांतून जातच होता. फक्त तो लष्करी नव्हता, इतकेच.

या विश्वासाची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर 'डिप्लोमसी' या खेळाकडे वळावे लागते. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकी तरुणाने तो १९५४ मध्ये रचला आणि १९५९ मध्ये पदरमोड करून त्याच्या ५०० प्रती काढल्या. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा नकाशा, सात सत्ता, आणि फासा मुळीच नाही. खेळाडूंनी आपसांत बोलणी करावयाची, वचने द्यावयाची, आणि मग सर्वांनी एकाच वेळी आपापले हुकूम लिहून द्यावयाचे. दिलेले वचन पाळलेच पाहिजे असा नियम नाही. १९६३ साली न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी 'ग्राउस्टार्क' नावाचे पत्रक काढून हा खेळ टपालाने सुरू केला, आणि त्याचे रूपच बदलले. एका डावामागे शेकडो पत्रे लिहिली जाऊ लागली. प्रत्येक खेळाडू सहा जणांना सहा वेगळी पत्रे लिही, आणि त्यांतील कोणते खरे हे हुकूम उघड होईपर्यंत कोणालाच कळत नसे. पत्ररूप कादंबरी आणि अविश्वसनीय निवेदक या संज्ञा आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. सात लेखकांनी परस्परांना फसवत लिहिलेली, आणि शेवट कोणाच्याच हाती नसलेली पत्ररूप कादंबरी कशी असेल, असे कोणी विचारले तर उत्तर येथे आहे. हा खेळ रचणारा कॅलहॅमर पुढे इलिनॉयमध्ये पोस्टमनची नोकरी करीत असे, हा योगायोग एखाद्या कथाकारानेही कदाचित टाळला असता.

बुद्धिबळात बोलणी नाहीत, वचने नाहीत. म्हणून फसवणुकीलाही तेथे जागा अल्प. याचे महत्त्व आम्हांला आमच्या डावात कळले.

आमचा डाव २००२ च्या पावसाळ्यात सुरू झाला. आरंभीची कार्डे गजबजलेली असत. '५२५४' लिहून झाले, की उरलेल्या जागेत नव्या पुस्तकाविषयी चार ओळी, तासिका तत्त्वावरील मानधन अजून न मिळाल्याची वार्ता, एखाद्या समीक्षकावर फणकारा. मायना 'प्रिय मित्रा, स. न.' असा. रायगड ते यवतमाळ कार्डाला पाच-सहा दिवस लागत. त्यामुळे एका चालीचे उत्तर येईतो तीन आठवडे सहज जात. दोघांच्याही टेबलावर पट मांडलेला असे. उत्तरपत्रिका तपासताना, भांडे खाली ठेवताना, घरी पाहुणे आले असताना तो नजरेस पडे.

२००४ च्या आरंभी रायगडच्या त्या महाविद्यालयात पूर्णवेळ अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. आम्ही दोघांनीही अर्ज केला, दोघांनीही मुलाखत दिली. जो तेथे आधीपासून तासिकेवर शिकवत होता, त्याची निवड झाली. जागा आधीच ठरलेली होती, मुलाखत हा केवळ उपचार होता, असे यवतमाळकडे परतताना दुसऱ्याच्या कानावर आले. त्यात तथ्य किती होते याचा उलगडा आजही आमच्यात एकमताने झालेला नाही. त्या दिवसानंतर बोलणे थांबले. दूरध्वनी दोघांकडेही होता. तो कोणी लावला नाही.

डाव मात्र थांबला नाही. पुढचे कार्ड ठरल्याप्रमाणे आले. मायना नव्हता, सही नव्हती. चार आकडे आणि दोन तारखा. त्याचे उत्तरही तसेच गेले. सुमारे दीड वर्ष भाषेचे दोन अध्यापक परस्परांना केवळ आकडे लिहीत होते. डाव सोडून देणे शक्य होते; पण डाव सोडणे म्हणजे हार पत्करणे, आणि ते दोघांनाही नको होते. या हट्टाला मैत्री म्हणता येणार नाही. तरीही दर तीन आठवड्यांनी एक माणूस दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा तासन्‌तास विचार करीत होता. राग धरलेल्या माणसाविषयी इतक्या बारकाईने विचार करण्याची सक्ती दुसरे कोण करू शकले असते?

मग २६ जुलै २००५ चा पाऊस झाला. मुंबईसह कोकणात हाहाकार उडाला. महाडजवळच्या गावांत दरडी कोसळून माणसे गाडली गेली. यवतमाळला बातम्या पोचत होत्या, कार्ड पोचत नव्हते. मुदत उलटली. नियम सांगत होता: चाल पुन्हा लिहून स्मरणपत्र पाठवावे. तसे पाठवले गेले. चार आकडे, दोन तारखा, आणि खाली एक ओळ: 'तिकडे सर्व ठीक आहे ना?'

ती ओळ नियमात नव्हती. परंतु ते कार्ड नियमात होते. कार्ड पाठवणे भागच नसते, तर ती ओळ लिहिली गेली नसती, याविषयी आम्हां दोघांचे पूर्ण एकमत आहे. उत्तर पंधरा दिवसांनी आले. घर शाबूत होते, पुस्तकांच्या दोन फळ्या भिजल्या होत्या. त्यांतील कोणती पुस्तके गेली याची यादी कार्डाच्या कडेपर्यंत लिहिली होती, आणि शेवटी, जेमतेम उरलेल्या जागेत, चाल. डाव २००६ च्या हिवाळ्यात बरोबरीत सुटला.

आता टपाली बुद्धिबळ त्या रूपात फारसे उरलेले नाही. महासंघाचे सामने २००४ पासून संगणकीय सर्व्हरवर होऊ लागले. पत्राची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. त्याहून मोठा बदल संगणकाच्या खेळण्याने घडवला. १९६५–६८ च्या जागतिक स्पर्धेत १६ पैकी १४ गुण मिळवणारा हान्स बर्लिनर स्वतः संगणकशास्त्रज्ञ होता, आणि पुढे त्याने यंत्राला बुद्धिबळ शिकवण्याचे काम केले. आज महासंघाच्या स्पर्धांत संगणकाची मदत घेण्यास मुभा आहे, आणि अव्वल स्पर्धांतील जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. डेन्मार्कच्या टपालसेवेने तर २०२५ च्या अखेरीस घरोघरी पत्रे पोचवणेच थांबवले. वाहन आणि प्रवासी दोघेही एकाच काळात थकले, असे म्हणावे लागेल.

परंतु या खेळातील दिरंगाई ही केवळ वाहनाची उणीव होती, असे आम्हांला वाटत नाही. पूर्व जर्मनीच्या संघाला पत्र-बुद्धिबळाच्या ऑलिम्पियाडमधील कांस्यपदक १९९५ साली मिळाले. स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली होती. तो देश १९९० मध्येच नाहीसा झाला होता. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांला तीत दुसरे काही दिसते. ज्या देशाच्या नावाने ते खेळू लागले होते तो उरला नाही, तरी त्या खेळाडूंनी पुढची चाल पाठवली, कारण समोरच्याची चाल आली होती.

हुइझिंगाची रेघ येथे पुसली जाते, ती अशी. टपाली डाव जगण्यापासून वेगळा काढता येत नाही. वर्षानुवर्षे तो जगण्याच्या मधोमध पडून असतो. नोकऱ्या, पूर, अबोला, सारे त्याच्या अंगावरून जाते. तरीही त्याचे नियम शाबूत राहतात, आणि जेव्हा माणसांपाशी परस्परांना लिहिण्यासारखे काही उरत नाही, तेव्हा लिहिण्याचे एक निमित्त ते नियम सांभाळून ठेवतात. रूपबंध म्हणजे आशयाचे भांडे, असे सांगून आपण विद्यार्थ्यांना पुढच्या प्रश्नाकडे नेतो. भांडे रिकामे असतानाही त्याची ने-आण चालू ठेवण्याला काही अर्थ असतो का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आमच्यापुरते उत्तर होय असे आहे. ती दीड वर्षाची, केवळ आकड्यांची कार्डे आम्ही दोघांनीही जपून ठेवली आहेत. गजबजलेल्या कार्डांपैकी मात्र बरीच हरवली.