वासरू हगवणीने नव्हे, तहानेने मरते



मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना पिकाआधी गोठ्यातूनच हाक येते, "साहेब, वासराला हगवण लागलीय!"

अशा वेळी घरातले जाणते सांगतात, "दूध-पाणी तोडा." हेतू चांगला, पण घात इथेच होतो. नवजात वासराच्या वजनात 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. हगवणीत ते क्षारांसह वाहून जाते. 30 किलोच्या वासराचे अडीच-तीन लिटर पाणी गेले, की ते आडवे होते. वासरू गेले की गाय पान्हा चोरते. उद्याची दुभती गाय जाते ती वेगळीच.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांनंतरही घडी राहिली, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडले समजा.

एक आजीबाई अशा वासराला गुळाचे पाणी पाजत होत्या. मी म्हटले, "आजी, हे माणसाच्या लेकराला चालेल, वासराला नाही."

"का बरं? पोट ते पोटच की!"

नाही. कोवळ्या वासराच्या आतड्यात गूळ-साखर पचवणारा रसच नसतो. न पचलेली साखर पाणी ओढते आणि हगवण वाढते. ग्लुकोज मात्र सरळ रक्तात जाते आणि जाताना मीठ-पाणी बरोबर नेते. 1971 साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाच्या पाण्यानेच पटकीचे रोगी जगवले.

औषधाच्या दुकानात ग्लुकोज असलेल्या ओआरएसची पुडी मिळते. 1 लिटरची पुडी उकळून कोमट केलेल्या 1 लिटर पाण्यात विरघळवा. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी लिटरभर, दोन दुधांच्या मधल्या वेळेत पाजा. दुधात मिसळू नका आणि दूधही तोडू नका.

वासरू चोखत असेल तरच पाजा. घशात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. वासरू उठत नसेल, तोंड गार लागत असेल, तर तडक पशुवैद्यकाला बोलवा. तिथे शिरेतून सलाईनच हवे.

दोन-चार पुड्या आजच आणून फळीवर ठेवा. हगवण रात्रीच लागते आणि दुकान सकाळी उघडते.