भज्यांच्या गाडीखालचं

भज्यांच्या गाडीवर नजर जाते ती कढईकडे. गाडीखाली कोण कशाला वाकून बघतो? पण कोसा रेशमाच्या साड्या विणणाऱ्या आंधळगावच्या बाजारात एखाद्याने वाकून बघितलंच, तर चाकांच्या मधे विटेवर टेकवलेली पाच किलोची टाकी दिसते. तिच्या गळ्यापाशी रंगाने लिहिलेलं असतं : डी-27. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत उलटली की चाचणी झाल्याशिवाय टाकी पुन्हा भरायची नाही. गिऱ्हाईक भज्यांचा भाव विचारतं, तेल कालचं का तेही विचारतं, टाकीची तारीख मात्र कोणी विचारत नाही.

घरची टाकी 14.2 किलोची, हॉटेलची 19 किलोची. पत्त्याचा पुरावा नसलेल्यांसाठी पाच किलोची टाकी 2013 पासून पेट्रोल पंपांवर बाजारभावाने मिळू लागली आणि 2020 मध्ये इंडियन ऑइलने तिचं ‘छोटू’ असं बारसंही केलं.

छोटूचा स्वभाव थंडीत कळतो. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे 42 अंशालाच उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. द्रवाचा वायू होताना उष्णता टाकीतूनच ओढली जाते. लहान टाकी लवकर गारठते, अंगावर दव धरते आणि ऐन गर्दीत जाळ बसतो. मग कोणी टाकी हलवतं, कोणी आडवी पाडतं. आडवी पाडली की रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रवच शिरतो, हे ठाऊक असूनही! त्याहून वाईट म्हणजे मोठी टाकी उलटी करून छोटी भरण्याचा चोरटा धंदा. द्रव फुगायला टाकीत जागा मोकळी ठेवावी लागते. तिथे वजनकाटाच नसतो, तर जागा कोण राखणार?

या टाकीआधी बाजारात गॅस म्हणजे गॅसबत्ती; रात्रीच्या उजेडाचा मान तिचाच होता. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक. बत्ती पेटवणारा म्हणजे त्या रात्रीचा पहिला नट. तो वाटीत स्पिरिट ओतून नळी तापवणार, पिन फिरवणार, पंप मारणार. पोरं भोवती कोंडाळं करून बसणार. आधी पिवळा भडका, मग फुरफुर, आणि एकाएकी मेंटल पांढरंशुभ्र. त्यानंतरचा तो एकसुरी फुस्स आवाज पुढे जनरेटरच्या धडधडीने गिळला. नाटकाला तो आवाजच जास्त शोभत होता.

मेंटल ही चीज विणकरांच्या गावात जास्त कौतुकाने पाहावी अशी. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने 1885 मध्ये तिचं पेटंट घेतलं. जाळीदार कापडाची पिशवी क्षारांच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची आणि पहिल्याच वेळी जाळून टाकायची. सूत जातं, क्षारांच्या राखेचा सांगाडा उरतो आणि तोच उजळतो. प्रमाण ठरलं 99 भाग थोरियम ऑक्साइड, एक भाग सेरियम ऑक्साइड. जळाल्यावरच कामाला येणारं दुसरं कापड आंधळगावच्या मागावर काय, कुठल्याच मागावर निघालं नसेल. बोट लागलं की मात्र चुरा! त्यामुळे बत्ती हलवणाऱ्याला ‘हळू जी, हळू’ असं चारही बाजूंनी ऐकावं लागे.

आणि हे थोरियम येई कुठून? 1909 मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर, मनवलकुरिचीच्या वाळूत, मोनाझाइट हे थोरियमचं खनिज सापडलं. शोंबर्ग नावाच्या जर्मनाने ते हेरलं आणि ती वाळू मेंटलसाठी जहाजांतून जर्मनीला जाऊ लागली. नंतर अणुशक्तीच्या काळात त्याच वाळूवर सरकारी पहारा बसला.

आता गाड्यांवर एलईडी आहे. स्वस्त आहे, वारा लागून विझत नाही. पण त्या निळसर उजेडात भजी आजारी दिसतात आणि कोसाही फिका पडतो. म्हणून साडी घ्यायची तर दुपारीच यावं. आंधळगावच्या कोशाचा मधाळ रंग सूर्यप्रकाशातच नीट कळतो. या रेशमाचा किडा ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. त्याला राखण्याचं काम ढिवर कुटुंबं पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. पाखरं किडे टिपतात, म्हणून राखणदाराला जंगलातच मुक्काम ठोकावा लागतो. तिथे चहापुरता छोटू न्यायला काय हरकत होती? पण जंगलातलं सरपण फुकट, आणि टाकी संपली की ती भरायला पुन्हा गाव गाठायचं.